दोन पंपांपैकी एकानेच आराम पडतो, मग दुसरा रोज का घ्यायचा?

मितभाषी (प्रश्न)

नमस्कार. लहानपणी हवा गार झाली की मला धाप लागत असे. मधली बरीच वर्षे त्रास जवळजवळ नव्हता. अलीकडे मात्र पहाटे खोकल्याची उबळ येऊन जाग येऊ लागली, जिना चढताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, म्हणून तपासणी करून घेतली. यंत्रात जोरात फुंकण्याची चाचणी औषधाआधी आणि औषधानंतर अशी दोनदा झाली. दुसऱ्या वेळचे आकडे बरेच सुधारलेले दिसल्याने दम्याचे निदान पक्के झाले.

मला दोन पंप लिहून दिले आहेत. सॅल्ब्युटामॉलचा पंप त्रास होईल तेव्हा घ्यायचा आहे आणि ब्युडेसोनाइडचा रोज सकाळी व रात्री, त्रास असो वा नसो. पहिला पंप ओढला की पाचएक मिनिटांत छाती मोकळी होते. दुसऱ्याने काय होते ते मला कळतच नाही. शिवाय ते स्टेरॉइड आहे हे समजल्यापासून घरातली वडीलधारी माणसे ‘अजून किती दिवस घेणार?’ असे विचारत राहतात आणि एकदा सवय लागली की सुटत नाही, हेही ऐकवतात.

ज्याने आराम पडतो तो पंप हाताशी असताना ज्याने काहीच जाणवत नाही तो रोज घेण्यामागचे कारण काय? स्टेरॉइडची खरोखर सवय लागते का? आणि पंपांऐवजी माँटेलुकास्टसारखी एखादी गोळी रात्री घेऊन भागेल का? कृपया ‘डॉक्टरांना विचारा’ एवढ्यावर उत्तर संपवू नये. त्यांना विचारणारच आहे, पण विचारताना विषय थोडा समजलेला असावा असे वाटते.

छातीविकार_चिकित्सक

आपला प्रश्न दम्याच्या उपचाराच्या अगदी मुळाशी जाणारा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांचे आतले अस्तर थोडेफार सुजलेले असते. ही सूज धाप लागलेली नसतानाही असते, आणि तिच्यामुळे नलिका इतक्या हळव्या होतात की गार हवा, धूर, धूळ, सर्दीचा विषाणू किंवा धावपळ यांपैकी काहीही निमित्त पुरते. निमित्त मिळाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, चिकट स्राव वाढतो आणि हवेची वाट अरुंद होते; आपल्याला जाणवते ती धाप याच टप्प्यावरची. सॅल्ब्युटामॉल त्या स्नायूंवरील बीटा-२ ग्राहींवर काम करून स्नायू सैल करते, म्हणून आराम काही मिनिटांत पडतो आणि साधारण चार ते सहा तास टिकतो. आतल्या सुजेला मात्र ते हातही लावत नाही. फरशीवरचे पाणी पुसत राहायचे आणि गळका नळ तसाच सोडायचा, असा तो प्रकार आहे.

ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही औषधे सुजेवर काम करतात. ती पेशींच्या आत शिरून दाह वाढवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती कमी करतात, आणि हे काम स्वभावतःच सावकाश चालते. रात्रीचा खोकला एक-दोन आठवड्यांत कमी होऊ लागतो. नलिकांचा हळवेपणा उतरायला कित्येकदा काही महिने लागतात. त्यामुळे पंप ओढल्यावर लगेच काही जाणवत नाही, ही तक्रार नसून अपेक्षितच गोष्ट आहे. या औषधाची परीक्षा त्या क्षणी घ्यायची नसते. गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, दम्यामुळे रात्री जाग आली का, आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि त्रासामुळे एखादे काम टाळावे लागले का, हे स्वतःला विचारावे. चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर औषध आपले काम करते आहे.

केवळ आराम देणाऱ्या पंपावर निभावून नेण्यातला धोका आपल्याला इतिहासातूनही दिसतो. दाब देताच मोजकी मात्रा सोडणारा पंप १९५६ साली आला. पुढे १९६०च्या दशकात काही देशांत दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले, आणि तेव्हा आयसोप्रिनॅलिन या आराम देणाऱ्या जुन्या औषधाच्या जास्त तीव्रतेच्या पंपांकडे बोट दाखवले गेले. न्यूझीलंडमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा तसेच घडले. त्या वेळी संशय फेनोटेरॉल या आराम देणाऱ्याच दुसऱ्या औषधावर होता. आजचे सॅल्ब्युटामॉल त्या औषधांपेक्षा सुरक्षित आहे, पण धोक्याची दुसरी बाजू कायम राहिली आहे. दर वेळी आराम पडतो, त्यामुळे आजार वाढत असल्याचे रुग्णाच्या लक्षातच येत नाही. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक डबे वर्षभरात संपत असतील तर दम्याचा तीव्र झटका येण्याची शक्यता वाढलेली आढळते, आणि महिन्याला एक या हिशेबाने डबे संपत असतील तर मृत्यूचा धोकाही वाढलेला दिसतो. म्हणूनच दम्यासाठी जागतिक मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘जीना’ या उपक्रमाने २०१९ पासून स्पष्ट भूमिका घेतली आहे की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांवर, त्यांचा दमा कितीही सौम्य असला तरी, एकट्या सॅल्ब्युटामॉलवर उपचार करू नयेत. त्याआधी कित्येक दशके सौम्य दम्याला आम्ही नेमके तेच लिहून देत होतो, हे येथे नमूद करणे मला उचित वाटते.

आता स्टेरॉइडची भीती. ती निराधार नाही. फक्त ती चुकीच्या ठिकाणी लावली जाते. तीव्र झटक्यात प्रौढ रुग्णाला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या रोज ४० मिलिग्रॅमच्या आसपास, पाच ते सात दिवस दिल्या जातात. ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइडच्या पंपाची कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्याने हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही, पण गोळीचे औषध रक्तावाटे सर्व शरीरात जाते आणि पंपाचे औषध बहुतांशी जिथे हवे तिथेच पडते, हा फरक त्यातून ध्यानात यावा. वजन वाढणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे परिणाम प्रामुख्याने दीर्घकाळ किंवा वारंवार घेतलेल्या गोळ्यांचे आहेत. रोजचा पंप टाळणाऱ्याला झटके जास्त येतात आणि त्याच्या वाट्याला याच गोळ्या पुन्हा पुन्हा येतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना अवश्य सांगावे. पंपानेही तोंडात बुरशीचा पांढरा थर येणे, आवाज बसणे असे त्रास होऊ शकतात आणि मोठ्या मात्रा वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरावर काही परिणाम होतात, म्हणून नियंत्रण टिकेल अशी कमीत कमी मात्रा शोधणे हे आमचे काम असते.

सवयीबद्दल थोडक्यात सांगतो. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो तो आजार परत डोके वर काढतो म्हणून. नशेच्या पदार्थासारखी ओढ येथे निर्माण होत नाही.

माँटेलुकास्टची गोळी ल्युकोट्रायीन या दाहकारक रसायनाचा मार्ग अडवते. सोबत ॲलर्जीची सर्दी असणाऱ्या काही रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो, परंतु झटके रोखण्याच्या बाबतीत ती श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडची बरोबरी करू शकत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली या गोळीवर सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापायला लावला, कारण काही जणांत भयानक स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार असे परिणाम दिसले होते. गोळी पंपापेक्षा निरुपद्रवी असते हा समज येथे तरी खरा ठरत नाही.

जुनाजाणता

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, तरीही एक शंका. माझ्या काकांनी आयुष्यभर थिओफिलिन या श्वासनलिका रुंद करणाऱ्या जुन्या औषधाच्या आणि सॅल्ब्युटामॉलच्या गोळ्यांवर काढले आणि पंप कधी हातात धरला नाही. त्यांची पिढी पंपाविना जगलीच ना? मग पंपाचा एवढा आग्रह कशासाठी?

औषधनिर्माता

आपले काका गोळ्यांवर निभावू शकले हे चांगलेच झाले, पण त्याच पिढीतले किती जण निभावू शकले नाहीत याची नोंद घरगुती आठवणींत सापडत नाही. थिओफिलिनची अडचण अशी की उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत फार थोडे अंतर असते. मात्रा जरा चढली की मळमळ, धडधड, आणि फारच चढली तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत किंवा आकडी येण्यापर्यंत मजल जाते. त्यातच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन यांसारखे प्रतिजैविक सुरू झाले की रक्तातले थिओफिलिन वाढते. उलट धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून ते लवकर निघून जाते आणि त्याने धूम्रपान सोडले की तीच मात्रा अचानक जास्त ठरते. सॅल्ब्युटामॉलच्या गोळीने हात थरथरणे आणि छातीत धडधडणे पंपापेक्षा बरेच जास्त होते, कारण पंपातला एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा असतो, तर गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची; आराम मात्र उशिराच पडतो.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी एक गोष्ट जोडतो. ‘काहीच जाणवत नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे औषध फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून पंप बदलण्याचा विचार करण्याआधी तो ओढण्याची पद्धत कोणाला तरी करून दाखवा. फवाऱ्याचा पंप आणि पावडरीचा पंप यांची रीत एकमेकांच्या उलट आहे, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. फवाऱ्याचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत ओढू लागताच डबी दाबावी, श्वास शेवटपर्यंत तसाच हळू ओढत राहावा आणि मग शक्य असल्यास दहा सेकंद रोखून धरावा. लोक नेमके उलटे करतात: डबी आधी दाबतात आणि मग जोरात श्वास ओढतात. औषध घशावर आदळते, जिभेला चव लागते आणि ‘घेतले’ असे समाधान मिळते. पावडरीच्या पंपात मात्र सुरुवातीपासूनच जोरात आणि खोल ओढावे लागते, कारण पावडर मोकळी करण्याची ताकद आपल्याच श्वासातून यायची असते. आणि त्या पंपात उच्छ्वास कधीही सोडू नये, कारण ओलाव्याने पावडरीच्या गुठळ्या होतात.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसरची नळी जोडली तर दाबणे आणि ओढणे यांचा मेळ साधण्याची धडपड उरत नाही. मोठे कण नळीतच राहतात, घशात कमी औषध पडते आणि फुप्फुसांत जास्त जाते. प्लॅस्टिकचा स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास आत स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि औषध भिंतींना चिकटून बसते. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबावे. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे बुरशीचा आणि आवाज बसण्याचा त्रास कमी होतो.

डबी पाण्यात टाकून ती तरंगते की बुडते यावरून औषध किती उरले ते ठरवण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. औषध संपल्यावरही डबीतला वायू फवारा मारत राहतो. पंपावर मोजणी दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहावी, नसेल तर घेतलेल्या फवाऱ्यांची नोंद ठेवावी. पंपांच्या रंगांवर विसंबू नये. एकाच रंगात वेगवेगळी औषधे मिळतात, म्हणून नाव वाचण्याची सवय असलेली बरी.

दोन_मुलांची_आई

माझ्या धाकट्या मुलाला दमा आहे, त्यामुळे लहान मुलांबद्दल थोडे लिहिते. लहान मुलाला स्पेसरसोबत मुखवटा लावून औषध देतात, आणि मुखवटा गालांवर नीट बसला नाही तर बरेच औषध बाजूने निघून जाते. मूल रडत असताना दिलेले औषध फुप्फुसांत फारसे जात नाही, म्हणून मूल शांत असताना किंवा शांत करून देणे बरे, हे आम्हाला शिकवण्यात आले. मुखवटा काढल्यावर चेहरा पुसायचा, हे बऱ्याच घरांत राहून जाते.

उंची खुंटेल या भीतीने पालक पंप थांबवतात, हे मी आजूबाजूला पाहते. याबाबत आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मोघम बोलणे टाळून आकडाच सांगितला: वर्षानुवर्षे रोज औषध घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरीने साधारण एक सेंटिमीटरने कमी आढळली आहे, आणि हा फरक उपचाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच पडतो, पुढे वाढत जात नाही. नियंत्रणात नसलेला दमाही मुलाची वाढ रोखतो. हे समजल्यावर निर्णय घेणे मला सोपे गेले. इतरांनी आपापल्या मुलाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

मितभाषी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फवाऱ्याचा पंप मी आजवर जोरातच ओढत होतो, त्यामुळे तो एक खुलासा तर झालाच. आता दोन उपप्रश्न. एकाच पंपात दोन औषधे घालून तोच रोज आणि तोच त्रासाच्या वेळीही घेण्याची पद्धत आहे असे वाचले, ते कितपत योग्य? आणि त्रास थांबल्यावर औषध कमी करायचे असते का, की आयुष्यभर तेवढेच?

छातीविकार_चिकित्सक

होय, ती पद्धत आता मान्यताप्राप्त आहे, आणि माझ्या मते आपल्यासारख्या रुग्णाने तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे. त्या पंपात ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडसोबत फॉर्मोटेरॉल असते. फॉर्मोटेरॉल बारा तास टिकते, पण सुरू होते सॅल्ब्युटामॉलइतक्याच झपाट्याने, म्हणून ते दोन्ही वेळी चालते. यातली खरी सोय अशी की माणूस आरामासाठी पंप ओढतो तेव्हा त्याच श्वासाबरोबर सुजेवरचे औषधही आत जाते. त्रास वाढला की स्टेरॉइडही आपोआप वाढते, कमी झाला की कमी होते. रोजचा पंप विसरणाऱ्यांना, आणि विसरत नाही असा रुग्ण मला क्वचितच भेटला आहे, याचा विशेष फायदा होतो. सौम्य दम्यात तर काही जणांना हा पंप रोज न देता केवळ लागेल तसा देतात. प्रौढांसाठी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलच्या नेहमीच्या तीव्रतेच्या पंपाची कमाल मर्यादा एका दिवसात बारा फवारे आहे, पण तिथवर जाण्याची वेळ आली तर तो बेत चुकल्याचा इशारा समजून त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

दोन सूचना मात्र महत्त्वाच्या आहेत. साल्मेटेरॉल असलेला जोडपंप या पद्धतीने वापरता येत नाही, कारण साल्मेटेरॉल सावकाश काम सुरू करते. नावे सारखी वाटतात म्हणून ही गल्लत होते. आणि फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल हे स्टेरॉइडशिवाय एकटे दम्यासाठी कधीही घेऊ नये. त्याने आराम टिकतो, पण सूज आत वाढत राहते आणि गंभीर झटक्याचा धोका वाढतो.

औषध कमी करण्याविषयी: साधारण तीन महिने नियंत्रण चांगले राहिले की मात्रा एक पायरी खाली आणण्याचा विचार करतात. त्यासाठी निवांत काळ निवडावा. सर्दी झालेली असताना किंवा ज्या ऋतूत त्रास वाढतो त्या ऋतूत प्रयोग करू नये. मात्रा उतरवायची म्हणजे स्टेरॉइड पूर्ण बंद करायचे असे नव्हे. बहुतेक प्रौढांना थोडीशी मात्रा चालू ठेवावी लागते, आणि ती आपल्या मनाने थांबवणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्या सर्दीच्या साथीत परत येतात.

उलट, औषध नीट घेऊनही नियंत्रण येत नसेल तर मात्रा वाढवण्याआधी पंप ओढण्याची पद्धत, नियमितपणा, धूम्रपान, घरातली धूळ-ओल आणि नाकाची ॲलर्जी हे सारे तपासावे लागते. त्यानंतरही त्रास उरला तर टायोट्रोपियमसारखे नलिका रुंद ठेवणारे दुसरे औषध जोडता येते. तीव्र दम्याच्या मोजक्या रुग्णांसाठी दाहाच्या साखळीतला नेमका दुवा तोडणारी जैविक इंजेक्शने उपलब्ध आहेत. अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळालेले ओमॅलिझुमॅब यांतले पहिले. मेपोलिझुमॅब, ड्युपिलुमॅब, टेझेपेलुमॅब ही नंतरची. ती कोणाला द्यायची हे रक्तातील इओसिनोफिल पेशी, आयजीई प्रतिपिंड यांसारख्या खुणांवरून ठरते. आपल्या वर्णनावरून आपण त्या गटात बसत नाही.

झटक्याच्या वेळी काय करायचे हे आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद घरच्यांना दाखवून ठेवावा. एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, गुंगी येत असेल किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर घरी वाट पाहण्यात अर्थ नाही. पंप घेत घेतच रुग्णालय गाठावे. छातीतली शिट्टी एकाएकी थांबली आणि धाप मात्र तशीच आहे, हे सुधारणेचे लक्षण नाही. हवा आत-बाहेर होणेच कमी झाल्याने आवाज बंद झालेला असू शकतो.

औषधनिर्माता

चर्चेत न आलेली एक गोष्ट. दम्यासाठी घेतलेल्या औषधांइतकेच इतर आजारांसाठी घेतलेल्या औषधांकडेही लक्ष असू द्यावे. रक्तदाब, धडधड किंवा अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिका आवळू शकते आणि सॅल्ब्युटामॉलचा परिणामही अडवते. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यात घातले तरी औषध रक्तात उतरते आणि काही दमेकऱ्यांना त्याने झटका येतो. नेत्रतज्ज्ञांना दम्याची कल्पना दिली तर ते दुसरे थेंब देऊ शकतात. प्रौढ रुग्णांपैकी काहींना, विशेषतः ज्यांना नाकात मांसवाढ असते त्यांना, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी धाप लागते. आपल्याला पूर्वी ही औषधे घेऊन काही झाले नसेल तर ती टाळण्याचे कारण नाही.

मितभाषी

नाकात मांसवाढ आहे असे मला काही वर्षांपूर्वी सांगितले होते, पण त्याचा दम्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते, त्यामुळे तपासणीच्या वेळी ते बोललो नाही. पुढच्या भेटीत हे आणि जोडपंपाविषयी, दोन्ही विचारतो. तोपर्यंत ब्युडेसोनाइड रोज, सावकाश ओढून.